घर बांधायला कर्ज: तीन ऑफर समोर आहेत, नुसता व्याजदर बघून ठरवायचं का?

कौलारू

प्लॉट स्वतःचा, एनए (बिगरशेती), सातबाऱ्यावर बोजा नाही. तळमजला अधिक एक, एकूण २,००० चौरस फूट. इंजिनिअरचं इस्टिमेट २,२०० रुपये फुटानं ४४ लाख. कर्ज ३५ लाख, मुदत २० वर्षं. तीन ऑफर आहेत. बँकांची नावं मुद्दाम देत नाही, चर्चा अटींवर व्हावी.

अ: राष्ट्रीयीकृत बँक. रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ५.२५ अधिक स्प्रेड (त्यावरची बँकेची वाढ) २.२५, म्हणजे ७.५० टक्के. प्रोसेसिंग ०.३५ टक्के अधिक जीएसटी.

ब: खासगी बँक. रेपोशीच जोडलेला, ७.७५ टक्के. प्रोसेसिंग सरसकट ५,००० अधिक जीएसटी. सोबत कर्जाचा एकरकमी विमा, प्रीमियम १,१०,००० रुपये, तो कर्जातच मिळवणार.

क: गृहवित्त कंपनी. पहिली दोन वर्षं ७.२५ टक्के स्थिर, पुढे कंपनीच्या पीएलआरप्रमाणे, म्हणजे तिनं स्वतः ठरवलेल्या मूळ दराप्रमाणे. आजच्या पीएलआरनं तो ८.७५ होतो. कागद कमी, मंजुरी आठवड्यात.

फ्लॅटच्या कर्जावर हवी तेवढी माहिती मिळते. स्वतःच्या प्लॉटवर बांधताना वेगळं काय बघायचं, हे जाणकारांनी सांगावं.

---

आकडेमोड

आधी हप्ते मांडू, मग बाकीचं.

अ: महिना २८,१९६. वीस वर्षांत एकूण ६७.६७ लाख.

ब: विमा सोडला तर २८,७३३. विमा धरून कर्ज ३६.१० लाख होतं आणि हप्ता २९,६३६. म्हणजे एकट्या विम्याचे महिना ९०३ रुपये, २४० महिने. १.१० लाखांचा प्रीमियम फेडता फेडता २.१७ लाखांचा होतो. हातात ३५ लाखच येतात आणि हप्ता २९,६३६ जातो, हे उलट बाजूनं सोडवलं तर खरा दर सुमारे ८.१६ टक्के पडतो. जाहिरातीतला ७.७५ कागदावरच.

क: पहिले २४ महिने २७,६६३, म्हणजे 'अ'पेक्षा ५३३ रुपये कमी. दोन वर्षांत वाचले १२,७९२. त्यानंतर शिल्लक मुद्दल ३३.३२ लाख, दर ८.७५, हप्ता ३०,६८६. आता 'अ'पेक्षा महिना २,४९० जास्त, तेही २१६ महिने. निव्वळ फरक सव्वापाच लाख.

प्रोसेसिंग फीचा बाऊ करू नका. 'अ'ची फी जीएसटीसकट १४,४५५, 'ब'ची ५,९००. फरक ८,५५५. विमा बाजूला ठेवला तरी पाव टक्क्याच्या फरकानं हप्त्यात ५३७ रुपये वाचतात, म्हणजे सोळा महिन्यांत वसूल.

---

लेजर_फोलिओ

आकडेमोड यांचं गणित बरोबर आहे. फक्त ते स्वतः करत बसायची गरज नाही, बँकेकडून लेखी मागता येतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाला मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो, एपीआर म्हणतात तो, म्हणजे व्याज आणि शुल्कं धरून पडणारा वर्षाचा दर. बँकेनं तिसऱ्याच्या वतीनं वसूल केलेले विमा आणि कायदेशीर खर्चही त्यात धरावे लागतात. त्यामुळे 'ब'चा विमा तिथे लपत नाही. केएफएस दिल्यावर किमान तीन कामाचे दिवस त्या अटी बँकेवर बंधनकारक असतात. तिन्ही केएफएस शेजारी ठेवा आणि आधी एपीआरची ओळ वाचा.

विम्याबद्दल: घराचा आग-भूकंपाचा विमा बँक मागते, ते रास्त आहे. कर्जदाराच्या आयुष्याचा विमा त्याच बँकेकडून, एकरकमी, कर्जात मिळवून घेतलाच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. "सिस्टीम पुढे जात नाही" असं सांगतात. मग "विमा नको" असा ईमेल शाखेला पाठवा, सिस्टीम पुढे जाते. आयुर्विमा हवाच असेल तर साधा टर्म प्लॅन वेगळा घ्या. कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी तो सोबत येतो.

आता रेपोचा भाग. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन तरत्या (बदलत्या) दराची गृहकर्जं बाह्य बेंचमार्कला, म्हणजे रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला, जोडावी लागतात. रीसेट, म्हणजे तो दर तुमच्या कर्जाला नव्यानं लावणं, किमान तीन महिन्यांतून एकदा. स्प्रेड तीन वर्षं वाढवता येत नाही, तुमची पत घसरली तर त्यातला जोखमीचा भाग तेवढा बदलतो. हा नियम गृहवित्त कंपन्यांना नाही, सहकारी आणि ग्रामीण बँकांनाही नाही. तिथे बेंचमार्क त्यांचाच आणि तो कधी हलवायचा तेही तेच ठरवतात. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. 'क'ला लेखी विचारा की या काळात पीएलआर किती उतरला आणि जुन्या ग्राहकांना तो किती तारखेपासून मिळाला. उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समजा.

---

कौलारू

रेपो वर गेला तर? बँकवाले म्हणतात हप्ता तोच राहतो, फक्त मुदत वाढते.

---

आकडेमोड

थोडी वाढ असेल तर तसंच होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४.०० वरून ६.५० झाला होता, अडीच टक्के. तशीच वाढ कर्जाच्या सुरुवातीलाच आली तर तुमचा दर १० टक्के. ३५ लाखांवर महिन्याचं नुसतं व्याज २९,१६७ आणि तुमचा हप्ता २८,१९६. मुदत शंभर वर्षं केली तरी कर्ज फिटत नाही, उलट वाढतं. वीस वर्षांतच फेडायचं तर हप्ता ३३,७७६ करावा लागतो. म्हणून हप्ता झेपतो की नाही ते साडेसातच्या नव्हे, दहाच्या दरानं तपासा.

---

लेजर_फोलिओ

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं हे बंद केलंय. मुदत वाढवताना मुद्दल वाढत जाईल अशी स्थिती येऊ देता कामा नये. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायचा हक्क कर्जदाराचा. पण उत्तर दिलं नाही तर बँक आपोआप मुदत वाढवते आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. तिमाही विवरणात 'उर्वरित हप्ते' ही ओळ बघत जा.

---

जोतं_लेव्हल

सगळी चर्चा दरावर चाललीय. बांधकामाचं कर्ज अडतं ते दरावर नाही, पैसे साइटवर कधी आणि कुठल्या हिशोबानं येतात त्यावर. धागाकर्त्यानं तिन्ही ऑफरमधला तो तपशील दिलेलाच नाही. बहुधा कोणी दिलाच नसेल, कारण मागितल्याशिवाय देत नाहीत.

फ्लॅटला बिल्डरला चेक गेला की संपलं. इथे ३५ लाख पाच-सहा टप्प्यांत येतात. प्रत्येक टप्प्याआधी बँकेचा व्हॅल्युअर साइटवर येतो, फोटो काढतो, काम किती टक्के झालं ते लिहितो आणि त्यावर पैसे सुटतात. इथे दोन पद्धती आहेत. मंजुरीपत्रात त्यांचा फरक एका ओळीत उरकलेला असतो.

पहिली, प्रमाणात. काम ३८ टक्के झालं तर कर्जाचे ३८ टक्के, म्हणजे एकूण १३.३० लाख सुटायला हवेत.

दुसरी, आधी मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा. ४४ लाखांचे ३८ टक्के म्हणजे १६.७२ लाखांचं काम झालं. त्यातले ९ लाख तुमचे आधी जिरले पाहिजेत, म्हणून बँकेचे ७.७२ लाख.

साइट तीच, व्हॅल्युअरचा रिपोर्ट तोच आणि हातात येणाऱ्या पैशात ५.५८ लाखांचा फरक. पहिल्या स्लॅबच्या सुमारास हे साडेपाच लाख नसले की सेंट्रिंगची (स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारी) टोळी दुसऱ्या साइटवर जाते आणि मग महिनाभर परत येत नाही. दुसरी पद्धत वाईट म्हणत नाही, व्याज उशिरा सुरू होतं हा तिचा फायदा. पण मग ९ लाख रोख पहिल्या दिवसापासून तयार हवेत. एफडी मोडू, गावाकडचं येणं येईल, असले नऊ लाख चालत नाहीत.

त्यानंतर टप्प्यांचा तक्ता. दोन नमुने देतो, दोन्ही कर्जाच्या टक्केवारीत.

एक: जोतं २०, पहिला स्लॅब २५, दुसरा स्लॅब २०, वीटकाम-प्लास्टर २०, फिनिशिंग १५.

दोन: जोतं १०, पहिला स्लॅब २०, दुसरा स्लॅब २०, प्लास्टर २५, पूर्णत्वाच्या दाखल्यावर २५.

दुसऱ्या तक्त्यात शेवटचे ८.७५ लाख घर पूर्ण झाल्यावर मिळणार. पण घर पूर्ण होतं ते फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळकाम आणि रंग यांनी, आणि त्यांनाच हे पैसे लागतात. दाखला यायला वेळ लागतो तो वेगळाच. मधल्या काळात लोक पर्सनल लोन काढतात. ८.७५ लाख, १३ टक्के, सहा महिने: व्याज जवळजवळ ५७,००० रुपये. पाव टक्का कमी दरानं वीस वर्षांत जे १.२९ लाख वाचणार होते, त्यातले निम्म्याच्या आसपास सहा महिन्यांत गेले.

तिसरी गोष्ट, पैसे टप्प्याच्या आधी की नंतर. "जोतं झालं, आता पहिल्या स्लॅबसाठी घ्या" अशी रीत असलेल्या शाखा आहेत. "स्लॅब टाका, मग स्लॅबचे घ्या" म्हणणाऱ्याही आहेत. एका मजल्याचे कॉलम, बीम, स्लॅब धरून तीन-साडेतीन टन सळई लागते. किलोला ६० रुपये धरले तर सळईचेच दोन लाख, आणि ती आधी रोखीनं. सिमेंट, खडी, वाळू, सेंट्रिंगची मजुरी वेगळी.

---

विटाळा

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. साइटवर पडलेला माल व्हॅल्युअर धरत नाही. ८ टन सळई आणून ठेवली, विटांचे ट्रक उतरवले, तरी त्याच्या तक्त्यात ते शून्य. बांधलेलं तेवढंच काम. त्यामुळे भाव कमी आहेत म्हणून सगळा माल एकदम घेणं हे कर्जाच्या पैशानं जमत नाही. सिमेंट तर तसंही भरून ठेवू नये, तीन महिन्यांवर ठेवलेल्या पोत्याची ताकद उतरते. दोन हजार फुटांना ढोबळ ८०० पोती लागतात, ती कामाप्रमाणे आणा.

विटांचं मात्र उलटं. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात. वीटकाम जून ते सप्टेंबरात येणार असेल तर मेमध्येच विटा घ्याव्या लागतात. त्याचे पैसे मार्जिनमधून बाजूला ठेवा, बँकेच्या टप्प्यावर विसंबू नका.

---

कौलारू

प्लॉट काळ्या मातीत आहे. त्याचा कर्जाशी संबंध येतो का?

---

जोतं_लेव्हल

थेट येतो. मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर पाया स्वस्तात सुटतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून कठीण थर लागेपर्यंत खाली जावं लागतं आणि जोत्यात भराव मुरमाचाच घालावा लागतो, खोदलेली काळी माती परत टाकून चालत नाही. फूटिंग (कॉलमखालचा पाया) मोठं, कॉलम लांब, सळई जास्त. हा सगळा खर्च जमिनीखाली जातो. व्हॅल्युअर येतो तेव्हा त्याला जोतं दिसतं आणि तक्त्यात जोत्याचे २० टक्के ठरलेले असतात. काळ्या मातीतलं जोतं आणि खडकावरचं जोतं बँकेच्या लेखी सारखंच.

उपाय एकच. इस्टिमेट फुटाच्या दरानं एका ओळीचं देऊ नका. खोदाई, पीसीसी (सळईशिवायचं काँक्रीट), फूटिंग, जोत्यापर्यंतचे कॉलम, प्लिंथ बीम, मुरूम भराव अशा वेगवेगळ्या ओळी, मापासकट. त्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन कठीण थर किती खोल आहे ते बघा. जेसीबीचं दोन-तीन तासांचं काम आहे. इस्टिमेटमध्ये जोत्याचा वाटा मुळातच २६-२८ टक्के दिसला तर तक्ता बदलून मागता येतो. मंजुरीनंतर मागून मिळत नाही.

फुटाच्या दरात हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: बोअर, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, गेट, बांधकामासाठीचं तात्पुरतं वीजजोड, परवानगीचं विकास शुल्क. कंपाउंड-गेटला बऱ्याच बँका पैसे देत नाहीत, टाकी आणि सेप्टिक टँकला देतात. म्हणून त्या ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

---

लेजर_फोलिओ

जोतं_लेव्हल यांच्या मुद्द्याला बँकेच्या बाजूनं जोड. बांधकाम अर्धवट असताना कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं जवळपास अशक्य असतं. अर्धं घर तारण घ्यायला कोणी उत्सुक नसतं. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, बँकांना २०१२ पासून तशी बंदीच आहे. म्हणजे घर पूर्ण झाल्यावर दर आवडला नाही तर कर्ज हलवता येतं. तक्ता आवडला नाही तर बांधकाम संपेपर्यंत सुटका नाही. त्यामुळे आधी तक्ता, मग दर, हा क्रम मलाही पटतो.

मात्र कर्ज हलवणं फुकट नसतं. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युअर आणि मालमत्तेचे कागद ठेवल्याच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क पुन्हा. पहिल्यांदा घेताना हे मुद्रांक कुठल्याही बँकेत सारखंच, म्हणून तुलनेत धरू नका. हलवताना धरा.

---

पायरी

मग सरळ जास्त कर्ज मंजूर करून घ्यावं, ३५ ऐवजी ४०. लागलं तर उचलायचं, नाही तर राहू दे. व्याज उचललेल्या रकमेवरच तर आहे.

---

आकडेमोड

कल्पना चांगली, पण ४४ लाखांच्या इस्टिमेटवर ४० मिळणार नाहीत. रिझर्व्ह बँकेची मर्यादा अशी: कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के, ७५ च्या वर ७५ टक्के. ४४ चे ८० टक्के ३५.२०. धागाकर्ते आधीच काठावर आहेत.

या पायऱ्यांमुळे एक गंमत होते. इस्टिमेट ३३.३३ लाख असेल तर ३० लाख मिळतात. ३७.५० लाख असेल तरी ३०च. मधल्या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया तुमच्या खिशातला. तसाच दुसरा पट्टा ९३.७५ लाख ते १ कोटी, तिथे कर्ज ७५ लाखांवर अडतं. इस्टिमेट या पट्ट्यांत येत असेल तर आराखडा अंतिम करण्याआधीच लक्षात घ्या.

---

लेजर_फोलिओ

पायरी यांच्या सूचनेतला गाभा मात्र योग्य आहे. खर्च वाढल्यावर मागाहून कर्ज वाढवायचं तर सुधारित इस्टिमेट, पुन्हा उत्पन्नाची तपासणी, पुन्हा दस्त, महिना-दीड महिना जातो आणि काम थांबतं. त्यापेक्षा इस्टिमेट सुरुवातीलाच प्रामाणिकपणे पूर्ण करा. इथे लोक उलटं करतात, परवानगीसाठी किंवा मार्जिन कमी दिसावं म्हणून इस्टिमेट मुद्दाम कमी काढतात आणि प्लास्टरला अडकतात. फुगवूनही उपयोग नाही, व्हॅल्युअर स्वतःच्या फुटाच्या दरानं कापतो. न उचललेल्या रकमेवर काही शुल्क आहे का, ते विचारून ठेवा.

---

सर्वेनंबर

कागदांवर कोणी बोललं नाही म्हणून. 'क'कडे कागद कमी लागतात ही सवलत वाटते, पण 'अ'चा वकील जे मागतो ते तुमच्याच कामाचं असतं.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मागच्या मालकीचा आणि बोजाचा शोध. सातबारा, त्यावरचे सगळे फेरफार (फक्त शेवटचा नव्हे), एनए आदेश किंवा सनद, मंजूर लेआउट, मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा), खरेदीखत, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी. शहरात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि असल्यास स्वामित्व योजनेतली सनद. नुसत्या नमुना ८ वर कर्ज देताना बऱ्याच बँका कचरतात, कारण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

हमखास अडतं ते इथे: प्लॉट गुंठेवारीतला (मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यांनी पाडलेला) आणि नियमित केल्याचा दाखला नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (विकायला सरकारची परवानगी लागते ती). वारसाची नोंद राहिलेली, सातबाऱ्यावर आजोबा अजून हयात. प्लॉट तीन भावांच्या नावे आणि कर्ज एकाला हवंय. शेवटच्या प्रकारात तिघांनाही सहकर्जदार व्हावं लागतं किंवा आधी वाटणीपत्र करून स्वतंत्र उतारा काढावा लागतो. "भावाची संमती आहे" असं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं चालत नाही.

प्रोसेसिंग फी भरायच्या आधी कागदांचा एक संच बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाला दाखवून घ्या. कर्ज नामंजूर झालं तर फी बहुधा परत मिळत नाही.

आणि महाराष्ट्रात कागद बँकेत ठेवून, दस्त न नोंदवता कर्ज घेतलं असेल तर तीस दिवसांच्या आत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे निबंधक कार्यालयात गहाणाची सूचना, दाखल करावी लागते. ती कर्जदाराची जबाबदारी आहे, बँकेची नव्हे. शाखेतला एजंट करून देतो, पण पावती आपल्याकडे ठेवा.

---

पायरी

हप्ता कधी सुरू होतो? बांधकाम चालू असताना भाडंही आणि हप्ताही?

---

आकडेमोड

यातही बँकाबँकांत फरक आहे. बहुतेक ठिकाणी घर पूर्ण होईपर्यंत किंवा अठरा-चोवीस महिने, यातलं जे आधी होईल तोपर्यंत उचललेल्या रकमेवर फक्त व्याज. जोतं_लेव्हल यांचा पहिला तक्ता आणि ७.५० टक्के धरून: ७ लाख उचलल्यावर महिना ४,३७५, १५.७५ लाखांवर ९,८४४, २२.७५ वर १४,२१९, २९.७५ वर १८,५९४. प्रत्येक टप्पा तीन महिने चालला तर वर्षभरात १.४१ लाख. हे बांधकामाच्या खर्चात धरलेलं नसतं, धरा.

काही बँका हे व्याज भरून न घेता मुद्दलात मिळवतात. तेव्हा बरं वाटतं, पण नंतर ३६.४० लाखांच्या पुढचं कर्ज वीस वर्षं फेडायचं असतं. पर्याय असेल तर भरत जा.

जुनी करप्रणाली घेतली असेल तर पूर्ण होण्याआधीचं व्याज पुढे पाच समान हप्त्यांत वजावटीला मिळतं, स्वतः राहत्या घराला वर्षाच्या २ लाखांच्या एकूण मर्यादेत. अट: कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण. नाही झालं तर मर्यादा ३०,०००. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. करबचत दाखवून कोणी महाग ऑफर गळ्यात मारत असेल तर आपली प्रणाली कोणती ते आधी बघा.

---

विटाळा

शहरी आवास योजनेचं व्याज अनुदान बसेल का? पंतप्रधान आवास २.०.

---

लेजर_फोलिओ

या धाग्यातल्या प्रकरणाला नाही. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. बसत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. लहान घर बांधणाऱ्यांनी जरूर विचारावं.

---

जोतं_लेव्हल

एक राहिलं. मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधलं तर पुढचा टप्पा थांबतो. बाल्कनी दीड फूट पुढे, जिना दुसऱ्या बाजूला, सामासिक अंतरात (हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेत) बाथरूम. ठेकेदार म्हणतो "नंतर रिवाइज करू". व्हॅल्युअर रिपोर्टमध्ये 'मंजूर नकाशाशी विसंगत' लिहितो आणि सुधारित परवानगी येईपर्यंत पैसे नाहीत. आराखडा बदलायचा तर जोत्याआधी बदला.

व्हॅल्युअरला बोलावण्याची विनंती काम पूर्ण व्हायच्या आठ-दहा दिवस आधीच ईमेलनं करा. स्लॅबचं सेंट्रिंग लागलेलं असताना तो आला तरी चालतो. तो येऊन, रिपोर्ट देऊन, शाखेतून पैसे सुटायला दोन आठवडे सहज लागतात. प्रत्येक भेटीची फी वेगळी आहे की सुरुवातीच्या फीमध्येच आहे, हेही विचारा. पाच भेटींची पाचदा फी लागू शकते.

---

कौलारू

तिन्हीकडे एकच ईमेल पाठवतो. काय विचारू ते कोणी नेमकं लिहून देईल का?

---

लेजर_फोलिओ

हा तसाच्या तसा पाठवा:

"सदर गृहबांधकाम कर्जाच्या अनुषंगाने खालील माहिती लेखी मिळावी.
१) केएफएसची प्रत, विम्याशिवाय.
२) बेंचमार्क, स्प्रेड, रीसेटची तारीख. लागू होणारा दर मंजुरीच्या दिवसाचा की पहिल्या वितरणाच्या दिवसाचा?
३) टप्पेनिहाय वितरणाचा तक्ता. टप्प्याची रक्कम टप्पा सुरू होण्यापूर्वी की पूर्ण झाल्यावर?
४) मार्जिन प्रथम पूर्ण खर्च करावे लागेल की प्रत्येक टप्प्यात प्रमाणात?
५) शेवटच्या हप्त्यासाठी भोगवटा प्रमाणपत्र आवश्यक आहे की व्हॅल्युअरचा पूर्णत्वाचा अहवाल पुरेसा आहे?
६) बांधकामाची कमाल मुदत, व ती ओलांडल्यास दरात होणारा बदल.
७) प्रत्येक भेटीचे मूल्यांकन शुल्क, न उचललेल्या रकमेवरील शुल्क, विलंबाचे दंडात्मक शुल्क."

सातव्यात 'दंडव्याज' असा शब्द उत्तरात आला तर बोट ठेवा. २०२४ पासून दंड शुल्क म्हणून लावायचा असतो, व्याजदरात मिळवता येत नाही आणि त्या शुल्कावर पुढे व्याजही चढत नाही.

---

सर्वेनंबर

आठवा प्रश्न जोडा: मूळ कागद कुठल्या शाखेत किंवा केंद्रात ठेवणार, आणि जमा कागदांची यादी सही-शिक्क्यानिशी. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यावे लागतात, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. पण यादीच नसेल तर कुठला कागद यायचा राहिला ते सिद्ध करायला हातात काही नसतं.

---

कौलारू

तिघांनाही ईमेल गेला. 'अ'चं उत्तर आलंय: मार्जिन प्रमाणात, तक्ता जोतं_लेव्हल यांनी दिलेला पहिला, शेवटच्या हप्त्याला व्हॅल्युअरचा अहवाल पुरेसा, भोगवटा प्रमाणपत्र सहा महिन्यांत द्यायचं. 'ब'नं विमा काढून नवीन केएफएस पाठवलं, पण तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर "शाखेत येऊन चर्चा करा".

---

जोतं_लेव्हल

'अ'ला जोत्याचा वाटा वाढवून मागा, खड्डे घेतल्यानंतरचं मापासकट इस्टिमेट जोडून. मंजुरीपत्रावर सही व्हायच्या आत.